पहिला नकार दुकानात, दुसरा बसमध्ये: इंग्लंडात नव्याने आलेल्या नर्सचं मोबाइल कॉन्ट्रॅक्ट

माझी मावसबहीण २०२५ च्या जानेवारीत नर्स म्हणून इंग्लंडात आली. हॉस्पिटलची नोकरी पक्की, पगार वेळच्या वेळी खात्यात, डोक्यावर एका पैशाचं कर्ज नाही, आणि मार्चच्या पहिल्या शनिवारी एका मोबाइल कंपनीच्या दुकानात तिला अडीच मिनिटांत नकार मिळाला. त्याच संध्याकाळी दुसरा. सोमवारी तिसऱ्या कंपनीने हो म्हटलं, पण त्यांनी जो कागद पाठवला तो बघून मीच म्हटलं थांब, सही करू नकोस. तिच्या बॅचमधल्या आणखी दोघीतिघींचं थोड्याफार फरकाने हेच झालं होतं आणि प्रत्येकीला वाटत होतं की खोट आपल्यातच आहे, म्हणून हे सगळं पहिल्यापासून नीट लिहितेय.

फोन आला तेव्हा ती रडवेली झाली होती. "ताई, माझा सिबिल ७९० आहे गं, गाडीचं लोन पण वेळेआधी फेडलंय, मग हे असं का करतायत?" तर पहिली गोष्ट हीच, की तो ७९०, म्हणजे तिचा भारतातला कर्जफेडीचा स्कोअर, इथे कोणी बघतच नाही. गंमत म्हणजे भारतात सिबिलचं पूर्ण नाव ट्रान्सयुनियन सिबिल आणि इथे कोणी किती उधारी घेतली, कशी फेडली याच्या नोंदी ठेवणाऱ्या ज्या तीन मोठ्या क्रेडिट एजन्सी आहेत, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन, त्यात तिसरी तीच. पाटी एकच, पण तिकडची वही इकडे उघडत नाही. म्हणजे दहा वर्षं प्रामाणिकपणे हप्ते भरलेली बाई इथल्या विमानतळावर उतरते तेव्हा तिची पाटी कोरी असते. कोरी म्हणजे वाईट नव्हे, हे तुम्हाला मला कळतं, मशीनला नाही. मशीन माहिती शोधतं, माहिती मिळाली नाही की धोका जास्त धरतं आणि मोकळं होतं.

आता मोबाइल कंपनीला एवढी झडती कशाला हवी? कारण हल्ली बऱ्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये खरं तर दोन करार असतात. एक फोनचा, म्हणजे हँडसेट उधारीवर घेऊन २४ किंवा ३६ महिने हप्ते. दुसरा सिमचा, म्हणजे कॉल, डेटा वगैरे. पहिला सरळसरळ कर्जाचा करार आहे, १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टखाली येतो, आणि फोन तर तुम्ही पहिल्याच दिवशी खिशात घालून जाता. उद्या हप्ते थांबले तर कंपनी काय करणार, सिम बंद करेल, पण फोन? २०२१ च्या डिसेंबरपासून इथे कंपन्यांना लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे, म्हणजे तोच फोन दुसऱ्या कंपनीचं सिम घालून आरामात चालतो. वर सिमचं बिल आधी वापरा मग भरा पद्धतीचं, रोमिंग किंवा महागड्या नंबरांमुळे ते फुगू शकतं. कंपनीच्या जागी बसून बघितलं तर अनोळखी माणसाला हजार पाउंडांच्या आसपासची उधारी देताना ती बिचकणारच. मला त्याचा राग नाही. राग येतो तो नकार कसा देतात त्याचा.

शनिवारचं दुकान. तिला हवा होता नवा मोठा फोन, महिना ४० पाउंड, त्यात २४ फोनचे आणि १६ सिमचे, मुदत ३६ महिने. काउंटरवरच्या पोराने टॅबवर फॉर्म भरायला घेतला. पत्त्यापाशी अडला. सिस्टिम मागच्या तीन वर्षांचे पत्ते मागत होती आणि ते सगळे ब्रिटनमधलेच हवे होते, आणि हिला इथे येऊन सहा आठवडे झालेले. पोरगा म्हणाला, काही नाही, आपण तीन वर्षं टाकू, नाहीतर पुढे जातच नाही. आणि टाकलं. हिला वाटलं दुकानवाल्याला माहीत असेल. अडीच मिनिटांनी लाल अक्षरं. कारण विचारलं तर पोरगा म्हणे आम्हाला दिसत नाही, आणि ते खरंही असेल, काउंटरवरच्या माणसाला फक्त हो की नाही एवढंच येतं.

मी हे ऐकलं तेव्हा नकारापेक्षा त्या तीन वर्षांनी माझ्या पोटात गोळा आला. इथे सिफास नावाची संस्था आहे, फसवणुकीच्या नोंदी ठेवते, बँका आणि टेलिकॉमवाले तिथे बघतात. अर्जात मुद्दाम खोटी माहिती दिली असा शेरा तिथे पडला तर तो सहा वर्षं राहू शकतो, आणि मग मोबाइल सोडा, बँक खातंसुद्धा धोक्यात येतं. सुदैवाने आम्ही नंतर सिफासकडे तिच्या नावाची माहिती मागवली (फुकट मिळते) आणि काही निघालं नाही. पण दुकानातला पोरगा म्हणतो म्हणून खोटं भरायचं नाही, अर्ज तुमच्या नावाचा असतो, त्याच्या नव्हे.

दुसरा अर्ज तिने घरी जाताना बसमध्ये फोनवरून केला, दुसऱ्या कंपनीकडे. चिडून केलेला. आणि इथे जी बारीकशी चूक झाली ती आम्हाला दीड महिन्याने कळली. फोनच्या ऑटोफिलने आडनाव भरलं ते माहेरचं! कारण ईमेल, जुनी अकाउंट्स सगळी लग्नाआधीची. पासपोर्टवर मात्र स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग सासरचं आडनाव. बँकेने नवऱ्याचं नाव गाळून खातं उघडलेलं. पगाराच्या स्लिपवर तिचं आणि नवऱ्याचं नाव चिकटून एकच लांबलचक शब्द झालेला. आपल्याला मधलं नाव म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, पण इथल्या फॉर्मला मधलं नाव म्हणजे असलं तर असलं, नसलं तर नसलं असा प्रकार. एकाच बाईच्या चार पाट्या तयार होतात.

पत्त्याचं तर त्याहून भारी. ती राहते ते जुनं घर, त्याचे तीन फ्लॅट पाडलेले. घरमालकाच्या कागदावर 'फ्लॅट सी, २७'. बँकेत '२७सी'. आणि पोस्टकोड टाकल्यावर फॉर्ममध्ये जी यादी उघडते, जी पोस्टाच्या पत्त्यांवरून येते, तिच्यात 'फर्स्ट फ्लोअर फ्लॅट, २७'. तिन्ही एकच दार. मशीनच्या दृष्टीने तीन वेगळी घरं.

तिसरी कंपनी. ऑनलाइन अर्जानंतर फोन आला, गोड बोलणारी बाई, म्हणाली तुमचा अर्ज मंजूर आहे, फक्त थोडं डिपॉझिट भरावं लागेल, ते परत मिळतं. बहीण खूश. मी म्हटलं आधी कागद मागव. २०२२ च्या जूनपासून ऑफकॉमच्या, म्हणजे इथल्या टेलिकॉम नियामकाच्या, नियमानुसार कंपनीने करार पक्का व्हायच्या आधी त्याचा थोडक्यात गोषवारा लेखी द्यायलाच लागतो, तो आला. त्यात दोन आकडे होते. एक १२० पाउंड, 'अपफ्रंट'. दुसरा २०० पाउंड, 'सिक्युरिटी डिपॉझिट'. फोनवर दोन्ही मिळून डिपॉझिट असंच बोललं गेलं होतं, थोडं म्हणजे ३२० पाउंड! आणि त्यातले १२० कधीच परत येणार नव्हते, कारण अपफ्रंट म्हणजे फोनच्या किमतीतलाच आगाऊ भाग, तो गेला की गेला. परत येणारे फक्त २००. तेही कधी, तर बाई म्हणाली होती सहा महिन्यांनी, कागदावर होतं की सलग बारा बिलं वेळेत भरल्यावर, आणि खात्यात नाही तर पुढच्या बिलांत वळते करून. एक बिल उशिरा गेलं की मोजणी पहिल्यापासून.

डिपॉझिट आणि अपफ्रंट यातला फरक इथे दहा वर्षं राहिलेल्यांनाही नीट माहीत नसतो, मलाही आधी नव्हता.

मग आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पेन घेऊन बसलो. फोनचे तेच महिना २४, गुणिले ३६ म्हणजे ८६४, अधिक १२०, म्हणजे फोन पडतो ९८४ ला. सिमचे १६ वेगळे, आणि त्यात दर एप्रिलला १ पाउंड ८० पेन्स वाढ. (ही वाढ आकड्यात तरी लिहिलेली होती, कारण १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत महागाईच्या दराला जोडलेली मोघम वाढ लावायला बंदी आली, पाउंड-पेन्समध्ये आधीच सांगावं लागतं.) आणि सही करायच्या दिवशी ३२० हातातून जाणार. तेवढ्यात मी शोधलं तर दोन वर्षं जुनं मॉडेल, रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं पण तपासून दुरुस्त केलेलं, एक वर्षाची वॉरंटी, २६० ला मिळत होतं. म्हणजे नुसत्या सुरुवातीच्या पैशात अख्खा फोन येतो आणि ६० उरतात. ती पाच मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "पण ताई, मला नवा हवा होता." हवा होता हे खरंच आहे, त्याला काय उत्तर देणार.

इथे मी एक कबुली देते. माझ्या मनात आलं होतं की माझ्या नावावर घेऊन देऊ, माझी फाइल, म्हणजे क्रेडिट एजन्सीकडची नोंद, जुनी आहे, झटक्यात मिळेल. पण एकदा तोंड पोळलंय. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाला असाच फोन माझ्या नावावर काढून दिला, तो गाव बदलून गेला, तीन हप्ते चुकले आणि ते माझ्या फाइलवर बसले, सहा वर्षं. त्याच्यावर काहीच नाही. आणि समजा त्याने नीट भरले असते तरी फायदा माझ्याच फाइलला झाला असता, त्याची पाटी कोरीच राहिली असती. म्हणजे मदत म्हणून यात काही अर्थच नाही. बहिणीला हे सांगितल्यावर तिला वाईट वाटलं असेल, पण मी ठाम राहिले.

तर तिसऱ्या कंपनीला नाही म्हटलं. सही झाली असती तरी ऑनलाइन किंवा फोनवरून घेतलेल्या करारात १४ दिवसांत माघार घेता येते, दुकानात जाऊन घेतलेल्या फोनला आणि सिमला मात्र तो हक्क आपोआप नसतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नाही म्हटल्यावर आणि रिफर्बिश्ड फोन आल्यावर खरं काम सुरू केलं, ते म्हणजे तिच्या फाइलमध्ये नेमकं आहे काय ते बघणं.

तिन्ही एजन्सींकडून आपला रिपोर्ट मागवता येतो, पूर्वी त्याला २ पाउंड पडायचे, २०१८ पासून फुकट. पण फुकट असलं तरी सोपं नाही, कारण ऑनलाइन ओळख पटवायला ते तुमच्या फाइलमधलेच प्रश्न विचारतात आणि हिच्या फाइलमध्ये काही नाही म्हणून तर सगळा घोळ! शेवटी पासपोर्टची कॉपी आणि बँकेचं पत्र पोस्टाने पाठवलं. एप्रिलच्या मध्यात कागद आले. इक्विफॅक्सकडे बँक खातं दिसत होतं, मधलं नाव नसलेलं, पत्ता '२७सी'. एक्स्पेरियनकडे सासरच्या आडनावाने एक शोध आणि माहेरच्या आडनावाने एक शोध, म्हणजे त्यांच्या हिशोबात त्या घरात एकाच जन्मतारखेच्या दोन बायका राहायला आल्यात आणि दोघींना दोन दिवसांच्या आत उधारीवर फोन हवाय. ट्रान्सयुनियनने तर कळवलं की या नावाची नोंदच सापडली नाही.

हा शोध म्हणजे हार्ड सर्च. तुम्ही खराखुरा अर्ज केला की तो पडतो आणि साधारण वर्षभर तरी इतर कंपन्यांना दिसतो. एक दोन असले तर काही बिघडत नाही, पण तीन दिवसांत तीन म्हणजे हा माणूस अडचणीत आहे असा अर्थ काढला जातो. नकार मिळाला की लगेच दुसरीकडे, तिथे नाही तर तिसरीकडे, हे आपण सगळेच करतो, दुकानदार नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जायचं ही सवय, पण इथे प्रत्येक दार वाजवल्याची नोंद पुढच्या दारावर वाचायला मिळते. त्याउलट सॉफ्ट सर्च, म्हणजे मिळेल का नुसतं तपासून बघणं, ते दुसऱ्यांना दिसत नाही. हल्ली काही कंपन्या आधी तशी तपासणी देतात, पण फॉर्मवर ते शोधून वाचावं लागतं.

आणि स्कोअरच्या आकड्याच्या मागे लागू नका. इक्विफॅक्सची मोजपट्टी १००० पर्यंत, ट्रान्सयुनियनची ७१० पर्यंत, त्यामुळे एकीकडचे ६०० आणि दुसरीकडचे ६०० यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि मोबाइल कंपनी तो आकडा घेत पण नाही, ती फाइलमधला मजकूर घेऊन स्वतःचं गणित करते. बहीण तीन आठवडे रोज सकाळी अ‍ॅप उघडून आकडा बघत होती, जसं ताप मोजावा तसं. शेवटी अ‍ॅप काढून टाकायला लावलं.

दुरुस्ती काय केली? फार काही नाही, पण चिवटपणे केली. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, मधल्या नावासकट, बँकेत बदलून घेतलं, मग पगाराच्या ऑफिसात. पत्ता पोस्टकोडच्या यादीत जसा येतो तसाच सगळीकडे, म्हणजे 'फर्स्ट फ्लोअर फ्लॅट', घरमालकाला काय वाटतं ते बाजूला. एक्स्पेरियनला लेखी कळवलं की माहेरच्या नावाची ती बाई मीच. चुकीच्या नोंदीबद्दल कळवलं की एजन्सीने २८ दिवसांत काय केलं ते सांगायचं असतं, आणि समाधान झालं नाही तर तुम्ही २०० शब्दांपर्यंतचा खुलासा फाइलला जोडू शकता. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही.

पहिल्या कंपनीलाही पत्र टाकलं. दोन गोष्टी विचारल्या, नकार कुठल्या एजन्सीच्या माहितीवरून दिला, आणि हा निर्णय मशीनने घेतला असेल तर माणसाने परत बघावा. पहिलं उत्तर देणं हँडसेट कर्जाच्या बाबतीत त्यांना भागच आहे, त्याच कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं कलम १५७, आणि त्यांनी दिलं. दुसऱ्याला उत्तर आलं की माणसाने बघितलं, निर्णय तोच. बघितलं असेल नसेल, देव जाणे.

पण ज्या एका गोष्टीने खरा फरक पडला असं मला वाटतं ती आपल्या बऱ्याच लोकांना माहीतच नसते. मतदार यादी. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे इथे व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो, ब्रिटिश पासपोर्टची गरज नाही. मी हे बहिणीला सांगितलं तर ती हसली, "ताई, मी कशाला इथे मत देऊ, उगाच लफडं नको." लफडं काही नाही, ऑनलाइन फॉर्म, नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतो, दहा मिनिटं. आणि क्रेडिट एजन्सींना पूर्ण यादी मिळते, त्यावरून ते बघतात की ही व्यक्ती या पत्त्यावर खरंच राहते का. त्याच यादीची एक उघडी प्रत असते जी कोणीही विकत घेऊ शकतो, तिच्यातून नाव काढायची खूण केली तरी क्रेडिटच्या कामाला काही फरक पडत नाही. तिचं नाव जूनमध्ये लागलं, आणि आम्ही नावाचं स्पेलिंग तीनदा तपासून दिलं होतं.

बरोबरीने एक सिम ओन्ली, म्हणजे फोनशिवाय नुसत्या सिमचा प्लॅन, महिना १० पाउंड, ३० दिवसांचा, डायरेक्ट डेबिटने, म्हणजे पैसे बँकेतून आपोआप कापले जातात तसा. प्रीपेडला कुठली तपासणी नसते, पण म्हणूनच ते फाइलवर येतही नाही, कितीही वर्षं वेळेत रिचार्ज मारा. मासिक बिलाच्या सिमला छोटी तपासणी असते, रक्कम लहान म्हणून बहुधा पार पडते, आणि मग दर महिन्याला एक नोंद तयार होते की हिने भरलं. प्रीपेडचा जुना नंबर पण सोडावा लागला नाही, पॅक (PAC) असा मेसेज ६५०७५ ला पाठवला की कोड येतो, तो ३० दिवस चालतो, नव्या कंपनीला दिला की एका कामाच्या दिवसात नंबर येतो. बिलाची कमाल मर्यादा पण लावून घेतली, ती द्यायला कंपन्या २०१८ च्या ऑक्टोबरपासून बांधील आहेत, कारण एक फुगलेलं बिल चुकलं की केलेलं सगळं पाण्यात.

मध्ये एकदा तिला कोणीतरी ग्रुपवर जाहिरात पाठवली, ९९ पाउंडांत क्रेडिट फाइल साफ करून देतो. काय साफ करणार, तिच्यात घाण नव्हतीच, ती रिकामी होती.

ऑक्टोबरात तिने परत बघितलं, या वेळी आधी सॉफ्ट सर्चवालं, आणि एकाच ठिकाणी. मंजूर. डिपॉझिट शून्य, अपफ्रंट शून्य, पण मोठा फोन नाही, मधल्या दर्जाचा, महिना १७, मुदत २४ महिने. म्हणजे उधारीची मर्यादा अजून लहानच आहे, सहा महिन्यांच्या कागदावर कोण किती भरवसा ठेवणार. त्याच सुमाराला तिच्या बॅचमधली दुसरी एक डिपॉझिट भरून मोकळी झाली होती, १०० पाउंड, तिला घरी व्हिडिओ कॉलसाठी फोन लगेच हवा होता, जुना पाण्यात पडला होता. तिने चुकीचं केलं असं मी म्हणणार नाही, तिने कागद वाचून, परत कधी आणि कसं मिळणार ते लेखी घेऊन भरले. माझ्या बहिणीचं प्रकरण वेगळं होतं, तिला घाई नव्हती, फक्त हौस होती.

दुकानात जायच्या दिवशी मी बरोबर गेले. काउंटरवर दुसराच मुलगा होता. त्याने नाव विचारलं, हिने पासपोर्ट उघडून त्याच्यासमोर ठेवला आणि एकेक अक्षर बोटाने दाखवत सांगायला लागली. तो दुसऱ्या नावापाशी थांबला, म्हणाला हे मिडल नेम दिसतंय, हे नाही टाकलं तरी चालतं. ती म्हणाली, "नाही, ते टाक."